तारकर्लीचा निरोप

मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदी व अरबी समुद्र यांच्यामध्यें पसरलेल्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर, पर्यटकांसाठीं बांधलेल्या एका निवासांत गेल्या उन्हाळ्यांत आम्हीं दीड महिना राहिलों. विषमज्वरानें क्षीण झालेल्या माझ्या धाकट्या भावास समुद्राची हवा मानवावी, एवढाच त्यांत हेतु होता.

एवढ्या अवधींत समुद्राच्या वेळापत्रकाशीं आमचा दाट परिचय झाला. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते हें पुस्तकांत वाचलें होतें. येथें तें पायांस कळलें. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं बांधावयास घेतलेला सिंधुदुर्गहि होडींतून जाऊन पाहिला. भाऊ मात्र सुरूच्या सावलींत बसून राही.

शेवटच्या दिवशीं सामान बांधून झालें आणि किनाऱ्यावर रापण लागली. समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडलेल्या त्या प्रचंड जाळ्याचे दोन्ही दोर गाबीत मंडळी एका तालांत ओढीत होती. आरंभीं ज्यास आईच्या आधारावांचून दहा पावलें चालवत नसे, तो माझा भाऊ धांवत जाऊन दोरास लागला! एका वृद्ध कोळ्यानें त्यास आपल्यापुढें जागा दिली. "ओढ रे, झिला!" तो म्हणाला. आई पदरानें डोळे टिपीत उभी राहिली.

जाळ्यांत मासळी थोडीच आली. तरी दोर ओढणाऱ्यास वांटा मिळालाच पाहिजे, असें म्हणून त्या वृद्धानें भावाच्या ओंजळींत चार तारले घातले. हवापालटासाठीं आलेला पाहुणा वांटेकरी होऊन परतला. रम्य स्थळें आपण पुष्कळ पाहतों. परंतु तेथील श्रमास आपला हात लागला, म्हणजेच तीं आपलीं होतात.