बाबा, एक विचारू?

ऑफिसात कुठलाही अवघड विषय मी पाच स्लाइड्समध्ये मांडू शकते. क्लायंट चिडलेला असो, बॉस उखडलेला असो, नो टेन्शन! पण घरी जेवताना ‘बाबा, तुम्ही मृत्युपत्र केलंय का?’ एवढा एक प्रश्न विचारायला मला चक्क सात महिने लागले.

निमित्त झालं काकांचं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वय ६४, राहायला ठाण्यात, रोज सकाळी न चुकता तलावाला दोन फेऱ्या मारणारा माणूस. एका मंगळवारी ब्रेन स्ट्रोक आला आणि थेट आयसीयू.

पैशांची काळजी नव्हती. म्हणजे तसं आम्हाला वाटत होतं. काकांच्या खात्यात पैसे होते, काकू नॉमिनी होत्या. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी हळू आवाजात म्हणाली, ‘मॅडम, नॉमिनीला पैसे खातेदार गेल्यावर मिळतात.’ चुलतभाऊ म्हणाला, पॉवर ऑफ अॅटर्नी करून टाकू. पण ती द्यायला देणारा शुद्धीवर नको का? आणि आधी केलेली असती तरी उपयोग नव्हता. माणसाची समजशक्ती गेली, की १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्रही संपतं. ज्या दिवसासाठी ते करून ठेवायचं, नेमकं त्याच दिवशी निकामी! मग उरतो कोर्टाकडून पालक नेमून घेण्याचा रस्ता. आयसीयूचं बिल काही तेवढं थांबत नाही. वडिलांच्या खात्यात पैसे असताना मुलानं पर्सनल लोन काढलं. बचत खातं काकूंसोबत जॉइंट असतं आणि त्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ एवढंच लिहिलेलं असतं, तर हे सगळं टळलं असतं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, ‘व्हेंटिलेटरबद्दल त्यांनी कधी काही बोलून ठेवलं होतं का?’ काकूंनी मुलाकडे बघितलं, मुलानं माझ्याकडे. काकांना मिसळीत तर्री किती लागते, हे आम्हा सगळ्यांना पाठ. हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. बाराव्या दिवशी काका गेले. निर्णय आमच्यावर न टाकताच.

खरा धक्का पुढे होता. फ्लॅट काकांच्या एकट्याच्या नावावर, मृत्युपत्र नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे पत्नी आणि मुलांच्या बरोबरीनं त्याच्या आईलाही वाटा मिळतो. म्हणजे आमच्या आजीला. वय वर्षं ८६, मुक्काम पोस्ट कोकण. घर काकूंच्या नावावर करायचं, तर आजीचं हक्कसोडपत्र हवं आणि ते नोंदवायचं ठाण्यात. आजीला गाडीत घालून आणलं. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात तिच्या झिजलेल्या अंगठ्याचा ठसा मशीन घेईना. क्लार्क पुन:पुन्हा तिचा अंगठा पुसायचा आणि काचेवर दाबायचा. चौथ्या वेळी आजी म्हणाली, ‘घर नको म्हणून सांगायला येवढ्या लांब आणलंत. पोरगा हवा होता, तो कुठे कोण देतंय?’ त्या रांगेत कुणीच काही बोललं नाही.

परतताना बाबा अख्खा प्रवास गप्प होते. मला वाटलं, आता विचारावं. तरी आणखी दोन महिने गेले!

अखेर एका रविवारी, वरणभात कालवता कालवता, विचारून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. ‘एवढी घाई झालीय का तुम्हाला? उद्याच घर तुझ्या नावावर करून देतो. मोकळे होऊ सगळे!’ ताट सरकवून ते गॅलरीत जाऊन बसले. मी रडकुंडीला. आई मात्र शांतपणे ताक वाढत म्हणाली, ‘तिनं बरोबर विचारलं. मला वर्षभर विचारायचं होतं.’

मग आईच गॅलरीत गेली. ‘तुमच्यामागे या घरात माझं काय?’ बाबा म्हणाले, सोसायटीत तुझं नॉमिनेशन केलंय की! आयुष्यभर मंत्रालयात फायली हाताळलेल्या माणसालाही हे माहीत नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. महाराष्ट्रातल्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद; मालकी शेवटी वारसांची. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आई बोटं मोजायला लागली. ‘म्हणजे मी, दोन्ही मुलं आणि सासूबाई. सासूबाईंनंतर त्यांचा वाटा काकूंच्या मुलाला आणि वन्संनासुद्धा. माझ्या किचनचे मालक किती होणार हो?’ बाबांना हसू आलं. तिथे गाडी रुळावर आली.

बाबांनी रागात म्हटलेली ‘आत्ताच नावावर करून देतो’ ही आयडिया माझ्या वकील मैत्रिणीनं एका वाक्यात निकालात काढली. ‘मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं, बक्षीसपत्र असं मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही.’ द्यायचंच झालं, तर ‘सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं त्यात स्पष्ट लिहावं. मग मुलांनी हात झटकले, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ खाली ते रद्द करून घेता येतं. स्वत:च्या मुलीसाठी असं वाक्य लिहायचं? बाबांना कसंसंच झालं. मला त्याहून जास्त.

मृत्युपत्र मात्र वाटलं होतं त्यापेक्षा खूपच सोपं निघालं. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. केलेली बरी, एवढंच. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते ज्यांना काही मिळणार नाही असे असलेले उत्तम. आमचे फॅमिली डॉक्टर आणि बाबांचे मॉर्निंग वॉकवाले मित्र आले. आईनं पोहे केले. बाबांनी स्वत:च्या अक्षरात लिहिलेलं वाचून दाखवलं. राहता फ्लॅट संपूर्णपणे पत्नीला, ‘वापरण्याचा, विकण्याचा पूर्ण हक्क तिचा.’

खोटं कशाला बोलू? ते ऐकताना आत काहीतरी टोचलं. दादा मेलबर्नला सेटल झालाय. आमच्या होम लोनचे हिशेब करताना मी त्या घराचा निम्मा वाटा मनात कधी धरून ठेवला होता, मलाही कळलं नव्हतं. पोहे घशात अडकले. समोर आई बसली होती. ३८ वर्षं त्या घराचा ओटा पुसणारी. तिचा चेहरा बघितला आणि मान खाली घातली.

पोह्यांच्या प्लेट्स उचलताना आई म्हणाली, ‘माझंही एक लिहून घ्या. मला नळ्या लावून ठेवायचं नाही.’ हाही कागद करता येतो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये लिव्हिंग विलला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं डॉक्टरांशी कोण बोलणार, हे नावही त्यात लिहायचं असतं. आईनं माझं लिहायला सांगितलं. घराच्या वाट्यापेक्षा हे कितीतरी जड होतं, आणि हे मला एकटीला मिळालं होतं.

निघताना बाबांनी चष्मा वर केला. फाइलवाले बाबा! ‘तुझ्या पीएफला नॉमिनी कोण?’

‘आई,’ मी ऐटीत म्हटलं.

‘लग्नाला दोन वर्षं झाली ना? लग्नाआधीचं नॉमिनेशन पीएफमध्ये बाद होतं. नवीन भरलंस?’

नव्हतं भरलं. वय ३१, आणि दुनियेला अक्कल शिकवायला निघाले होते मी! लोकलमध्ये खिडकी मिळाली. फोन काढला, पीएफच्या साइटवर गेले, पासवर्ड दोनदा चुकला. डोंबिवली ते घाटकोपर, तेवढ्यात फॉर्म अर्धा भरून झाला. उरलेला आज लंच टाइममध्ये.