सायकल घेऊन दिवाडीला

दोस्तांनो, तुमच्या सायकलनं आजवर काय काय पाहिलं असेल? शाळेचा रस्ता, क्लासचा रस्ता आणि कोपऱ्यावरचं पंक्चरचं दुकान. पण तिला कधी बोटीत बसवलंय का? नाही ना? मग गोव्याला जाल तेव्हा एक दिवस समुद्रकिनारा राहू द्या. सायकल घ्या आणि चला माझ्याबरोबर दिवाडीला!

बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रच येतो. दिवाडी मात्र नदीतलं बेट आहे. मांडवी नदी समुद्राला मिळायच्या आधी चांगली ऐसपैस पसरते, फाटे फोडते. त्या फाट्यांच्या मध्ये दिवाडी आहे आणि शेजारीच चोडण. दिवाडीला मोटारींसाठी कुठूनही पूल नाही. जायचं तर फेरीबोटीनंच. चोडणला मागच्या बाजूनं, डिचोली तालुक्यातून रस्ता आहे. म्हणजे बघा, एका फेरीबोटीनं दिवाडीत शिरायचं, दुसरीनं पलीकडे उतरायचं, डोंगराला वळसा घालून चोडणला यायचं आणि तिसरीनं परत. एका दिवसात तीन बोटी आणि दोन बेटं!

आम्ही निघालो ते डिसेंबरातल्या एका सकाळी, पणजीहून. मी आणि माझा भाचा. तो नववीत आहे आणि सायकल माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं हाणतो. पणजी सोडली की रायबंदरपर्यंत पाणथळ जमिनीतून एक सरळसोट रस्ता जातो. हा साधासुधा रस्ता नाही बरं का. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काउंटानं तो १६३३-३४ मध्ये बांधून घेतला. लांबी सुमारे तीन किलोमीटर. त्याच्यावरून आज बसगाड्या धावतात, म्हणून इथं डावी कड सोडायची नाही आणि शर्यत तर मुळीच लावायची नाही. (भाच्यानं लावलीच. मी मागून ओरडत होतो.)

जुन्या गोव्यात मोठमोठी चर्चेस लागतात. ती येताना पाहता येतात, आधी नदीकडे वळा. वाटेत दगडी कमान लागेल. ती वास्को द गामाच्या पणतूनं उभारली. नवा व्हाइसरॉय आला की जहाजातून इथं उतरायचा आणि या कमानीतून थाटामाटात शहरात शिरायचा. आम्ही उलटे, शहरातून नदीकडे, घंटी वाजवत.

कमानीच्या पुढेच फेरीबोटीचा धक्का.

आता नीट ऐका, कारण सायकल बोटीत चढवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. मांडवीला इथंही भरती-ओहोटी असते. ओहोटीला पाणी खाली जातं आणि धक्क्याचा उतार उघडा पडतो. त्यावर हिरवं शेवाळ असतं, साबणासारखं बुळबुळीत. तिथं सायकलवर बसून उतरलात तर थेट मांडवीत! खाली उतरा, सायकल हातात धरा, ब्रेकवर बोटं ठेवा. आधी समोरून येणारी माणसं आणि गाड्या बाहेर पडू द्या. मग लोखंडी फळीवरून आत जा आणि मोटारींपासून लांब, कठड्याला लागून उभे राहा. स्टँडवर भरवसा ठेवू नका. भाच्यानं सायकल ऐटीत स्टँडवर लावली आणि नदी बघायला गेला. बोट पलीकडच्या धक्क्याला टेकली तेव्हा बसला एक दणका. सायकल पडली ती शेजारच्या स्कूटरवर, स्कूटर कलली ती मासळीच्या टोपलीवर. टोपलीवालीनं कोकणीतून जे काय सुनावलं, ते इथं छापता येणार नाही.

पायी येणाऱ्याला इथं भाडं नाही, दुचाकीलाही नाही. २०२३ मध्ये दुचाकींना भाडं लावायचा बेत निघाला होता, पण लोकांनी विरोध केला आणि तो मागे घेतला गेला. दिवाडीच्या माणसाला ही बोट म्हणजे आपल्या गल्लीतला रस्ता. रस्त्यावर चालायचे कुणी पैसे देतं का?

आणि मग दिवाडी! बोटीतून उतरलेल्या चार मोटारी भुर्रकन निघून गेल्या आणि सगळं चिडीचूप झालं. समोर सपाट रस्ता. दोन्ही बाजूंना पाणी, शेतं, पांढरे बगळे. सायकलच्या साखळीचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता. भाचा हात सोडून चालवायला लागला तेव्हा मी पहिल्यांदाच त्याला ओरडलो नाही.

या शेतांना गोव्यात खाजन म्हणतात. इथली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षाही खाली आहे. मग शेत बुडत कसं नाही? फार पूर्वी लोकांनी नदीच्या कडेनं चिखलमातीचे बांध घातले आणि बांधाला जागोजागी लाकडी दारं बसवली. या दाराला म्हणतात मानस. भरती आली की बाहेरचं पाणी दारावर दाब देतं आणि दार आपोआप गच्च बंद होतं. ओहोटी लागली की बाहेरचं पाणी उतरतं, मग आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटर नाही, बटण नाही. नदीच दार लावते आणि नदीच उघडते! पावसाळ्यात पावसाचं पाणी जमिनीतला खार धुऊन काढतं आणि मग इथं कोरगूट नावाचा भात पिकतो. थोडं खारट पाणीसुद्धा त्याला चालतं. बांधाच्या बाहेर खारफुटी. तिची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्यामध्ये निवट्या उड्या मारतात. निवटी म्हणजे चिखलात चालणारा मासा. दहा मिनिटं गप्प बसलात तर दिसेल. आम्ही बसलो. भाच्याला सात दिसल्या, मला चार.

तेवढ्यात कोकण रेल्वेची गाडी धडधडत गेली. हो, रेल्वे या बेटावरूनच जाते, पण इथं स्टेशन नाही. गाडीतल्या माणसांनी दिवाडी पाहिलं ते एवढंच, खिडकीतून क्षणभर.

बेटाच्या मध्ये टेकडी आहे. तिच्यावर पिएदाद गाव आणि पांढरंशुभ्र चर्च. चढ जरा दमवतो, पण वरून सगळी मांडवी आणि पलीकडची जुन्या गोव्याची चर्चेस दिसतात. उतरताना समोरून पोंऽ पोंऽ करत एक सायकल आली. हा पोदेर, म्हणजे पाववाला. मागे बांबूची मोठी टोपली, हँडलला रबरी भोंपू. आम्ही त्याच्याकडून गरम उंडे घेतले आणि भिंतीवर बसून नुसतेच खाल्ले. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी गेलात तर इथं बोंदेराचा सण असतो. पूर्वी वाड्यांच्या हद्दी दाखवायला झेंडे लावत आणि त्यावरून भांडणं होत. आता तेच झेंडे घेऊन मिरवणूक निघते आणि पोरं फोताश नावाच्या बांबूच्या बंदुकीतून हिरवी फळं उडवतात. भाच्यानं लगेच तारीख लिहून घेतली.

नार्व्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. थांबणं आलं. धक्क्यावर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर फुलांची पुडी. सोमवार होता, पलीकडे देवळात निघाल्या होत्या. भाचा खूश होऊन म्हणाला, "मामा, बरं झालं इथं पूल नाही ते! नाहीतर नुसत्या गाड्याच गाड्या असत्या."

"कोण म्हणटा रे, बरें जालें म्हण?" आजी म्हणाल्या.

भाच्याला कळलं नाही. मग त्या मराठीत बोलल्या. एका पावसाळ्यात रात्री त्यांच्या यजमानांच्या छातीत कळ आली. गाडी काढून धक्क्यावर आले, तर बोट पलीकडच्या काठाला. दिवा दिसतोय, इंजिनाचा आवाज येतोय, पण बोट काही आपल्याकडे येत नाही. पाण्याला ओढ होती, पाऊस होता. "मी त्या दिव्याकडे बघत उभी होते. किती वेळ ते मला विचारू नको." यजमान वाचले. पण आजींना पूल हवा आहे.

"माझ्या नातवाला मात्र नको," आजी हसून म्हणाल्या. "तो तुझ्यासारखंच बोलतो. म्हणतो, पूल झाला की शेतं विकली जातील, बंगले होतील, बांध कोण बघणार? आमच्या घरात रोज जेवताना हेच भांडण."

मी काही बोललो नाही. बेटावर कितीतरी घरांत हा वाद चालू असेल. आपण एक सकाळ येतो आणि शांतता घेऊन जातो. ती शांतता कुणाला काय भावानं पडते, ते आम्हाला पिएदादच्या टेकडीवरून दिसलं नव्हतं. भाचा मात्र आजींची पुडी धरून त्यांना बोटीत घेऊन गेला. स्वतःची सायकल दिली माझ्याकडे. दोन सायकली सांभाळत शेवाळावरून कसा चढलो, ते मलाच माहीत!

पलीकडचं गावही नार्वेच. कसं, तेही ऐका. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरच्या नार्व्यात होतं. गोव्याचे कदंब राजे आपल्या बिरुदात या देवाचं नाव लावत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडलं. लोकांनी लिंग नदीपार आणलं, कारण इकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. नदी ओलांडली की सुटका! पुढे शिवाजी महाराजांनी इथं देऊळ बांधायची आज्ञा केली. शके १५९०, म्हणजे इसवी सन १६६८. ते सांगणारा कोरीव दगड दारावर आहे, तो जरूर वाचा. देऊळ उंच नाही, डौलदार आहे, आणि पुढे दीपस्तंभ. २०२३ मध्ये त्याची नीट दुरुस्ती पूर्ण झाली. जी नदी आम्ही काही मिनिटांत ओलांडली, तीच देवानं कशी ओलांडली असेल? रात्री? होडीतून? भाचा बराच वेळ याच्यावर बोलत होता.

नार्व्याहून मयेपर्यंत चढउतार आहेत, पाणी भरून घ्या. मयेचं तळं पाहून चोडणला उतरलं की पुन्हा सपाटी. चोडणच्या पश्चिम टोकाला खारफुटीचं जंगल आहे. ते पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या नावाचं अभयारण्य, १९८८ मध्ये झालेलं, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. त्याच्या दाराशीच रायबंदरला जाणाऱ्या बोटीचा धक्का. या मार्गावर २०२५ मध्ये नवी, मोठी रो-रो बोट सुरू झाली. तिच्यात मोटारी एका बाजूनं चढतात आणि दुसऱ्या बाजूनं उतरतात.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. धक्क्यावर ही रांग! बोट पलीकडे उभी होती. भाच्यानं सायकल कठड्याला टेकवली, स्टँडवर नाही, आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. बोट येऊन टेकली तेव्हा पुन्हा बघितलं.

"मामा, बावीस मिनिटं," तो म्हणाला.

मग आम्ही सायकली हातात धरल्या आणि समोरची माणसं उतरेपर्यंत बाजूला उभे राहिलो.