चावी कुणाच्या हातात?

पुण्याची ती केस आठवते का? २०१८ च्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये अटक झाली. आरोप काय, तर आरोपींच्या वॉलेटमधली नाणी परस्पर वळवली. घ्या! प्रायव्हेट की ज्याने पाहिली, पैसा त्याचा. कॉपी झाल्याचं कळतसुद्धा नाही, आणि कुलूप बदलायची सोयच नाही... नवं वॉलेट काढून सगळं हलवायचं.

टोकन पाठवायला समोरच्याचा फक्त पत्ता लागतो. की आपल्याच वॉलेटमध्ये सही करते, बाहेर जात नाही. मागणारा चोरच समजा.

आमच्या भाईंदर लोकलमधल्या एका मित्राने मात्र आपल्या बारा शब्दांचा फोटो काढून गॅलरीत ठेवलाय, क्लाउडवर बॅकअपसकट! बायकोचीही बचत त्यातच आहे. आज रात्री त्याला नवं वॉलेट काढून देतोय. शब्द कागदावर, तोच लिहिणार. मी तोंड फिरवून बसणार.