सातबारा आणि श्टुटगार्ट: काही टिपणे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं म्हणतात. श्टुटगार्टात परभणी कुणाला माहीत नाही. ताडकळसला मात्र जर्मनी माहीत आहे, कारण काका एसटीतल्या कंडक्टरलाही माझा पगार सांगतात, आणि तोही वाढवून.

*

आजोबा एकाच घरात राहून चार राज्यांचे झाले. जन्म निजामाच्या मुलखात, 1948 नंतर भारतातलं हैदराबाद राज्य, 1956 ला मुंबई, 1960 ला महाराष्ट्र. शाळा उर्दूतून, सही उर्दूत, भांडणं मराठीत. लेकीला जर्मन शाळेत घालताना आम्ही नवरा-बायको किती रात्री जागलो! आजोबांना तर कुणी विचारलंही नसेल.

*

तसं घराणं मूळचं ताडकळसचं नाहीच. गोदावरीच्या पलीकडून मोठ्या दुष्काळात आलेलं, असं आजी सांगायची. आजोबांच्या अस्थी घेऊन काका नाशिकला गेले, तेव्हा तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमचं पान निघालं. आधी भलतंच गाव, मग ताडकळस. त्याखाली श्टुटगार्टही लिहितील. दक्षिणा तेवढी युरोत मागू नये.

*

आखाड्यावरचं बालपण म्हणजे मुख्यतः पाखरं राखणं. ज्वारी निसवली की शाळेतून थेट माळ्यावर. गोफण फिरवून खांदा दुखायचा, आणि पाखरं उठून शेजारच्या रानात बसायची. शेजारचं पोरगं ती परत आमच्याकडं हाकलायचं. दिवसभर हाच धंदा. संध्याकाळी आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, गरम हुरड्यावर शेंगदाण्याची चटणी. त्यापुढं मला अजून कुठलं जेवण मोठं वाटत नाही. पावसाळ्यात त्याच काळ्या रानात चप्पल रुतली की हात घालून शोधावी लागे.

आता निम्मं रान सोयाबीन-हरभऱ्यानं घेतलं. ज्वारी थोड्यांचीच उरली, म्हणून शिवारातली सगळी पाखरं त्या थोड्यांवर तुटून पडतात. मग तेही पेरायचं सोडतात.

*

लेकीचा पासपोर्ट जर्मन आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्डावर आजन्म ये-जा करता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही मिळत नाही. वारसानं मिळते, आणि पुढं विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. म्हणजे तिचं नाव सातबाऱ्यावर लागायची एकच वाट आहे, आणि ती माझ्या तेराव्यावरून जाते. काकांना हा कायदा फोनवर समजावून सांगितला. ते म्हणाले, “मग घाई कशाला करू लालास?”

*

आई व्हिडिओ कॉलवर नातीला विचारते, “कधी येऊ लालीस, माय?” नात रविवारच्या मराठी वर्गात शिकल्याप्रमाणं, “आम्ही लवकरच येणार आहोत.” आई मला म्हणते, “हे लेकरू बातम्या दिल्यावानी बोलू लालंय.”

*

यंदा तिला हुरड्याला न्यायचं आहे. हुरडा भरात येतो जानेवारीत, आणि इथली नाताळची सुट्टी त्याच्या पहिल्या आठवड्यात संपते. शाळा बुडवून सहलीला नेलं तर पालकांना दंड होऊ शकतो. म्हणून एक तुकडा सप्टेंबरातच पेरा, असं काकांना सांगितलं. लवकर पेरली की खोडमाशी खाते, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. तरी त्यांनी चार तास पेरलेत.