जांबचा तो 'जाम'

होस्टेलवर माझं नाव 'जाम' पडलं त्याला दोन कारणं. एक म्हणजे माझं गाव जांब समर्थ, घनसावंगी तालुक्यातलं, समर्थ रामदासांचं जन्मगाव. दुसरं कारण अर्धंच सगळ्यांना माहीत आहे.

थर्ड इयरला 'बाहा एसएई इंडिया'साठी आमची गाडी तयार होत होती आणि ब्रेक माझ्याकडे होते. बाहाच्या ब्रेक टेस्टला पेडल दाबलं की चारही चाकं लॉक व्हावी लागतात. आमची व्हायची. पंचाईत अशी, की दहा-पंधरा मिनिटं गाडी पळवली की पुढची दोन चाकं पेडल सोडल्यावरही सुटेनात. ड्रॅग रेसच्या गाड्यांना 'लाइन लॉक' नावाचा व्हॉल्व्ह मुद्दाम बसवतात. पुढचे ब्रेक धरून ठेवायचे आणि मागची चाकं जागेवर फिरवून टायर तापवायचे. आम्हाला तो फुकटात मिळाला होता!

कॅलिपरचं निपल उघडून थोडं ऑइल सोडलं की चाक मोकळं. गाडी तापली की पुन्हा जाम. ब्रेकची हवा काढली होती सेकंड इयरच्या एका पोराने. मी सगळ्या टीमसमोर त्याला झापलं, "हवा नीट काढता येत नाही तर हात कशाला लावतोस?" वास्तविक लाइनमध्ये हवा राहिली तर पेडल मऊ पडतं, चाक जाम होत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण कुणावर तरी ढकलायचं होतं. तो काही बोलला नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉपला यायचा बंद झाला.

कॅलिपर बदलले, ऑइल बदललं, चार रात्री गेल्या. शनिवारी गावी गेलो. आमच्याकडे जीप-ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, त्यांना सगळं सांगितलं.

"थंड असताना मोकळी, गरम झाली की जाम?"

"हो मामा."

"मग खालून काहून उघडतो? आधी वरून उघड ना."

म्हणजे चाक जाम असताना आधी मास्टर सिलिंडरचा जॉइंट सैल करायचा. चाक सुटलं तर दोष तिथे किंवा पेडलकडे. तिथे नाही सुटलं आणि कॅलिपरच्या निपलला सुटलं, तर मधला होज आतून बंद. दहा मिनिटांचं काम! मग त्यांनी सहज विचारलं, "रॉडला प्ले ठिवला का?"

मी गप्प. पेडल कडक लागावं म्हणून पुढच्या सिलिंडरचा पुश रॉड मीच एका रात्री दोन आटे पुढे घेतला होता, कुणाला न सांगता. मास्टर सिलिंडरला एक बारीक भोक असतं. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागे येतो, भोक उघडं पडतं आणि तापून वाढलेलं ऑइल डबीत परत जातं. माझ्या रॉडने पिस्टनला पूर्ण मागे येऊच दिलं नव्हतं.

"तेलाला माघारी जायला वाट तर ठिव बाबा," म्हणत मिस्त्री पुन्हा जीपखाली गेले.

सोमवारी गाडी तापवून वरचा जॉइंट सैल केला. चाक सुटलं. रॉड मागे घेऊन मिलिमीटरभर प्ले ठेवला. मग मेसमध्ये, टीमचं टेबल भरलेलं असताना, त्या पोराला सांगितलं, "हवेचं काही नव्हतं. रॉड मी फिरवला होता." त्याने आमटी वाढून घेतली आणि एवढंच विचारलं, "जॉइंट उघडलाय म्हणजे हवा परत काढावी लागेल ना, दादा?"

रात्री पाना त्याच्याकडे, पेडलवर मी. "दाब... धर... धर म्हटलं की धरायचं दादा, सोडायचं नाही!"

सकाळी गाडी अर्धा तास पळवून जॅक लावला. पुढचं चाक बोटाने फिरलं. माझं नाव मात्र जामच राहिलं.