तांबडी शाई

नोकरीतून निवृत्त झाल्यावर माझ्यापाशी वेळ फार उरला. त्याचे काय करावे हे ठरण्यापूर्वीच एक स्नेही मला एका शनिवारी संध्याकाळी पुण्यात मुठेच्या काठच्या एका वस्तीत घेऊन गेले. तेथे पाच-सहा माणसे मुलांना विनामूल्य शिकवीत असत. गणिताला आणि इंग्रजीला शिक्षक मिळाले होते. मराठीला कोणी नव्हते. "तुम्ही यांच्याकडून काही लिहवून घ्या," असे मला सांगण्यात आले. मुले आठवी-नववीतील, एकंदर बारा. खोली एक, दिवा एक; आणि बाहेर नळाला पाणी आले की निम्मा वर्ग हंडे घेऊन धावत सुटे.

पहिल्या दिवशी मी 'पावसाळ्यातील एक दिवस' हा विषय दिला. बाराही वह्यांत आकाशात काळे ढग जमले, बळीराजा सुखावला आणि मोर पिसारा फुलवून नाचू लागला.

"मोर नाचताना कोणी पाहिला आहे?" मी विचारले.

सारे गप्प. मग मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "सर, गाइडात आहे."

"बरे, तुझ्या घरी पाऊस येतो तेव्हा काय होते?"

"खडकवासल्याचे पाणी सोडले की नदी वर येते. मग बाबा खाटेखाली विटा लावतात. पहिल्या विटेपर्यंत पाणी आले तर आम्ही झोपतो. दुसरीपर्यंत आले तर बिऱ्हाड उचलून शाळेत जातो."

आपण काही विशेष सांगत आहोत, असे त्याला मुळीच वाटत नव्हते. "हेच लिही," मी म्हटले. तो संशयाने माझ्याकडे पाहू लागला. "हे चालते?"

चालते हे पटावे म्हणून मी त्यांना मुक्ता साळवे हिची हकीकत सांगितली. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत ती शिकत होती. आपल्या लोकांना काय सोसावे लागते, यावर तिने निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. ती तेव्हा यांच्याहून मोठी नव्हती. तिला गाइड कोठले मिळणार?

मुले लिहू लागली. मी मनातून फुशारलो. पण दिव्याखालीच अंधार होता.

वर्गात जळगावकडून नुकतीच आलेली एक मुलगी होती. ती फारशी बोलत नसे. तिने आपल्या आजीविषयी चार पाने लिहून आणली. आजी केळीच्या बागेत मजुरीला जाते; केळीच्या चिकाने तिचे लुगडे आणि बोटे काळी पडली आहेत; ते डाग कितीही धुतले तरी जात नाहीत; तीच बोटे रात्री नातीच्या केसांतून फिरतात आणि आजी म्हणते, "पोरी, तुले झोप आली. डोये मीट."

लेख मला आवडला. आणि आवडला म्हणूनच मी तांबडी शाई काढली! 'तुले' खोडून 'तुला' केले. 'डोये' खोडून 'डोळे' केले. जुन्या सवयीचा हात, तो थांबेना. वही परत दिली तेव्हा चारही पाने गोवर उठल्यासारखी दिसत होती.

पुढच्या शनिवारी तिने सुवाच्य अक्षरांत नवी प्रत आणली. एकही चूक नव्हती. आजी म्हणत होती, "मुली, तुला झोप आली आहे. डोळे मिटून घे."

"छान!" मी म्हटले. ती मात्र तशीच उभी राहिली.

"काय ग?"

"सर, हे मी आजीला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणाली, 'हे कोनाच्या आजीवर लिव्हलं?'"

मला काही उत्तर सुचले नाही. त्या रात्री मी कपाटातून 'बहिणाबाईंची गाणी' काढली. बहिणाबाई चौधरी जळगावच्याच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या काम करता करता रचीत आणि घरची माणसे टिपून घेत. १९५१ साली त्या वारल्या, आणि पुढच्या वर्षी हे पुस्तक निघाले. तेथे 'ळ'चा 'य' झालेला जागोजाग तसाच छापला आहे. ते पुस्तक मी कितीदा वाचले होते! त्यावर तांबडी शाई उगारण्याचे मला कधी सुचले नव्हते.

शनिवारी मी वर्गात त्यातले थोडे वाचले. मला ते उच्चार नीट साधेनात, तेव्हा ती मुलगी प्रथमच हसली. मी पुस्तक तिच्या हाती दिले. तिने वाचले, आणि मागच्या रांगेतल्या मुलांनीदेखील माना वर केल्या.

"तुझी पहिली प्रत आहे का?" मी विचारले. "मी तिच्यावर शाई ओढायला नको होती."

"पण परीक्षेत असे लिहिले तर गुण जातील ना?"

खोटे सांगणे मला जमले नाही. "जातील कदाचित," मी म्हटले. हे उत्तर देताना मला बरे वाटले नाही. आजही वाटत नाही. अखेर दोन वह्या करायचे ठरले. एक शाळेची, एक शनिवारची. वर्गातल्या बाराही जणांना ही युक्ती फार आवडली, कारण दुसऱ्या वहीला गुण नव्हते.

ती पुन्हा लिहायला बसली. काही शब्द तिने आपण होऊन बदलले, काही तसेच ठेवले. का, ते मी विचारले नाही. मी शिसपेन्सिल घेऊन तिच्याशेजारी बसलो होतो. मध्येच ती थांबली.

"सर, इथे 'केळी' लिहू की 'केयी'?"

"कोण बोलते आहे तिथे?"

"आजी."

एवढे म्हणून ती पुन्हा लिहू लागली. बाहेर नळाला पाणी आल्याची हाक झाली. निम्मा वर्ग उठला. ती मात्र उठली नाही. तिचा हंडा विटांवर झोपणाऱ्या त्या मुलाने नेला.