सरहद्दीवरचा समुद्रकाठ : पनवेल ते मुरूड
(लेखांक पहिला)

सोमवार : पनवेल, कर्नाळा

दूरच्या तारकापुंजांत घडणाऱ्या विज्ञानकथांमध्ये अनेक सत्तांच्या कचाट्यात सापडलेला, पिढ्यान्‌पिढ्या युद्ध सोसणारा एखादा सीमाप्रांत हमखास भेटतो; तशा प्रांताचा प्रत्यक्षातला नमुना पाहावयाचा असल्यास पनवेलच्या खाडीपासून मुरूडच्या समुद्रापर्यंतचा मुलूख पुरेसा आहे. सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत या अरुंद पट्टीत अहमदनगरची निजामशाही, गुजरातची सल्तनत, विजापूरकर, पोर्तुगीज, मोगल, मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी आणि मुंबईचे इंग्रज यांपैकी तीन-चार सत्ता तरी एकाच वेळी एकमेकींवर तोफा रोखून उभ्या असत. या काळाचा इतिहास बहुधा किल्ल्यांच्या जयापजयांतून सांगितला जातो; प्रस्तुत दैनंदिनीत मात्र किल्ल्यांच्या मध्ये राहिलेल्या माणसांकडे अधिक लक्ष दिले आहे, कारण सत्ता गेल्या आणि माणसे राहिली.

पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या महामार्गावर दिसणारा अंगठ्यासारखा सुळका कर्नाळ्याचा. बोरघाटातून उतरणारी वाट आणि पनवेल व आपटा या खाड्यांकडचा व्यापार या दोहोंवर येथून नजर ठेवता येत असल्याने किल्ल्याला कधी स्वस्थता लाभली नाही. 1540 च्या सुमारास तो निजामशहा, गुजरातचा सुलतान आणि वसईचे पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत सापडला. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत त्याचा समावेश होता. 1670 मध्ये तो परत घेण्यात आला आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला. पायथ्याजवळच्या शिरढोण येथे 4 नोव्हेंबर 1845 रोजी जन्मलेले वासुदेव बळवंत फडके यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. हातची किल्लेदारी गेलेल्या घराण्यातला नातू रामोशी आणि कोळ्यांना जमवून सशस्त्र उठाव करतो आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात प्राण सोडतो, हा धागा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

मंगळवार : थळ, खांदेरी

वडखळवरून अलिबागकडे वळताच दुतर्फा खाजण आणि मिठागरे लागतात. खाजण म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवून लागवडीखाली आणलेली खारी जमीन. भातशेती, मीठ आणि मासेमारी यांवर जगणारा आगरी समाज या जमिनीचा खरा निर्माता आहे. सैन्ये येत-जात राहिली, तरी फुटलेला बांध त्याच हंगामात पुन्हा घालावाच लागे. तसे न केल्यास शेत कायमचे खारे होई.

थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी आणि उंदेरी ही बेटे आहेत. 1679 च्या पावसाळ्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या आज्ञेने मायनाक भंडारी यांनी खांदेरीवर तट बांधावयास प्रारंभ केला, तेव्हा मुंबईकर इंग्रज हादरले, कारण त्यांच्या बंदराच्या तोंडाशीच ही चौकी उभी राहत होती. त्यांनी ‘रिव्हेंज’ या लढाऊ जहाजासह आरमार पाठवून बेटाची नाकेबंदी केली. ती फसली, आणि तिच्या फसण्याचे कारण तंत्रात आहे : इंग्रजांच्या जहाजांना खोल पाणी आणि अनुकूल वारा लागे, तर मराठ्यांची उथळ बुडाची, वल्ह्यांनी चालणारी गलबते रात्रीच्या अंधारात खडकांमधून वाट काढून धान्य, दगड आणि माणसे बेटावर पोचवीत. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने समोरासमोर हल्ला केला; त्यात इंग्रजांची ‘डव्ह’ ही नौका मराठ्यांच्या हाती लागली, ‘रिव्हेंज’ने मात्र लढत देऊन आरमाराला मागे सारले. तरीही तटाचे काम थांबले नाही. जानेवारी 1680 मध्ये सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि पुढील कित्येक दशके एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात असलेल्या या दोन बेटांवर बहुतेक काळ शत्रूंचीच निशाणे फडकत राहिली.

2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. तथापि बेटावरचे जागते स्थान तटबंदी नसून वेताळदेवाचे मंदिर होय. त्याच्या दर्शनास किनाऱ्यावरच्या गावांतील कोळी आपापल्या होड्यांनी येतात.

बुधवार : नवगाव, अलिबाग

थळच्या उत्तरेस जवळच नवगाव आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणात स्थिरावलेले मराठीभाषक ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. या कथेला समकालीन लेखी आधार नाही, परंतु समाजाच्या चालीरीती स्वतःच पुरावा देतात. तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या या लोकांनी शनिवारी काम बंद ठेवण्याचा नियम इतका कसोशीने पाळला, की शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली हेच नाव दिले. पेणकर, रोहेकर, पनवेलकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे म्हणजे या किनाऱ्याचा नकाशाच आहे. नवस फेडताना गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाहू हनाबी या पैगंबराचे स्मरण केले जाते. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे, आणि पनवेलचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर 1849 पासून उभे आहे. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही त्यांनी मराठी सोडली नाही, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने आणि थोड्या अपराधी भावनेनेही ध्यानात ठेवावी, कारण मागे राहिलेल्या त्यांच्या स्मशानभूमींकडे फारच थोड्यांचे लक्ष आहे.

कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. कान्होजी आंग्रे यांच्या या मुख्य ठाण्यावर 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी एकत्र येऊन चढाई केली आणि ती असफल झाली, एवढी नोंद येथे पुरे.

गुरुवार : रेवदंडा, कोर्लई

कुंडलिकेच्या मुखाशी उत्तरेस पोर्तुगीजांचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडा, आणि दक्षिणेस कोर्लईचा डोंगर आहे. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे कोट बांधला, 1570-71 मध्ये निजामशाही फौजेचा प्रदीर्घ वेढा त्यांनी परतविला आणि 1594 मध्ये समोरचा कोर्लईचा किल्लाही जिंकला. वसई पडल्यानंतर 1740 च्या तहाने ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली आणि पोर्तुगीज निघून गेले.

सर्वजण मात्र गेले नाहीत. पोर्तुगीज शिपाई आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून, तसेच धर्मांतरित कुटुंबांतून वाढलेला ख्रिस्ती समाज कोर्लईच्या पायथ्याशी राहिला आणि आपली पोर्तुगीज-मिश्रित बोली बोलत राहिला. दोन भाषांच्या दीर्घ सहवासातून जन्मलेल्या आणि पुढे मुलांची मातृभाषा झालेल्या अशा भाषेला भाषाशास्त्रात क्रिओल म्हणतात. लिस्बन आणि गोवा या दोहोंशी संबंध तुटल्यावरही ही बोली टिकली, याचे कारण धर्माने शेजाऱ्यांपासून आणि जातीने इतर ख्रिस्ती लोकांपासून वेगळा पडलेला हा समाज आपसांतच लग्ने करीत राहिला. शब्दसंपत्ती पोर्तुगीज असली तरी वाक्याची घडण मराठीच्या सहवासाने बदलली आणि क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी गेले. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1996 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज ती बोलणारे सुमारे हजारभर लोक आहेत. मराठी शाळा आणि मुंबईची नोकरी यांच्यापुढे ती किती काळ तग धरील याची चिंता वाटते. या संपूर्ण किनाऱ्यावर युद्धाने मागे ठेवलेली याहून मोलाची वस्तू नाही, आणि कोर्लईचा किल्ला पाहून खालच्या गावात न थांबता परतणारे पर्यटक तिलाच मुकतात.

शुक्रवार : मुरूड, जंजिरा

कुंडलिका आणि सावित्री यांच्या मधला मुलूख हबसाण, अर्थात हबशांचा देश. आफ्रिकेतून आलेले सिद्दी निजामशाही आणि आदिलशाहीच्या चाकरीतून वर चढले आणि पुढे मोगलांचे आरमारी सरदार झाले. त्यांचा जंजिरा शिवाजी आणि संभाजी या दोन्ही छत्रपतींना घेता आला नाही. त्याला शह देण्यासाठी समुद्रात पद्मदुर्ग उभारला गेला. लाटांनी त्याचे दगड झिजले असून त्यांच्या सांध्यांतला चुना मात्र अद्याप शाबूत आहे.

सिद्दी केवळ परका शत्रू होता, हे मत तपासून पाहिले पाहिजे. त्याची बहुसंख्य प्रजा मराठी बोलणारी हिंदू होती. पेशव्यांचे भट घराणे सिद्दीच्या अमलाखालील श्रीवर्धनचे देशमुख होते आणि तेथील जाचामुळेच बाळाजी विश्वनाथ घाटावर गेले. 1689 नंतर मोगलांकडून सिद्दीकडे आलेला रायगड मराठ्यांना 1733 मध्ये परत मिळाला आणि 1736 मध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी सात याला युद्धात ठार केले. तरीही जंजिऱ्याचे राज्य 1948 मध्ये विलीन होईपर्यंत टिकले.

पुढील लेखांक श्रीवर्धन आणि बाणकोटविषयी असेल. त्या भागातील ज्या वाचकांच्या घरी मोडी कागद, सनदा किंवा जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवाव्यात.